विरुद्ध बाजूचा एलायस

"आधी तुम्ही वाजवा," तो म्हणाला.

"नको... तुम्हीच."

बेलच्या बटणावर आमची बोटं एकमेकांना लागली होती. ऑक्टोबरातला बोचरा पाऊस तिरका येत होता आणि मिसेस ओडेलच्या चिंचोळ्या ओसरीवर आम्ही दोघं अंग चोरून उभे होतो. माझ्या कोटावरच्या बिल्ल्यावर माझ्या आईचं नाव, त्याच्या बिल्ल्यावर प्रुइटचं. आई महापौरपदासाठी दुसऱ्यांदा उभी होती, प्रुइटच्या विरोधात. आमच्याकडे या निवडणुकीला पक्ष नाही, चिन्ह नाही, नुसती नावं. मग दारोदार जाऊन माणूसच समजावून सांगायचा – पाय गळेपर्यंत.

मिसेस ओडेलनी दार किलकिलं केलं. "दोघं एकाच घरचे का?"

"अजून तरी नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

कित्येक दिवसांनी मला हसू आलं.

एलायस ब्रँट. बस आगारात नोकरी, संध्याकाळी प्रचार. मग रोजच तो रस्त्याच्या त्या बाजूला दिसायचा, मी या बाजूला... माझ्या तोंडावर कुणी दार आपटलं, की पलीकडून त्याच्या भुवया वर. शेवटी कोपऱ्यावरची कॉफी.

"त्या प्रुइटमध्ये काय पाहिलंस रे?"

"तो रात्रीची बस सुरू करणार आहे. माझी बहीण इस्पितळातून रात्री पायी घरी येते, थिया. तुझी आई काय करणार?"

"पाण्याचे जुने, शिशाचे पाइप बदलणार. नदीकाठच्या मुलांच्या पोटात ते पाणी जातंय."

"दोन्ही हवंय," तो डोळे चोळत म्हणाला. "महापौर मात्र एकच."

आई हरली. थोडक्यात नव्हे, चांगलीच. दुसऱ्या दिवशी ती बूटही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली, आणि मी लोकांच्या अंगणातल्या आमच्या पाट्या उपटायला निघाले. एलायस प्रुइटच्या उपटत होता.

"अभिनंदन."

"नको ना... असं नको म्हणूस."

"एक विचारू? आत गेल्यावर... मत कुणाला दिलंस?"

त्यानं हातातली पाटी खाली ठेवली. खोटं बोल, मी मनात म्हणत होते. बोल ना.

"प्रुइटला."

मी ओल्या कट्ट्यावर बसलेच. "आज खोटं चाललं असतं मला."

"आज चाललं असतं. पण मला तुझ्याशी उद्याही बोलायचंय... परवाही. प्रेमात पडलोय मी. त्यात खोटं नको."

तो शेजारी येऊन बसला. मला रागवायचं होतं. पण अंगात त्राणच नव्हतं. मी डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं – भिजलेल्या लोकरीचा वास – आणि त्यानं चिखलाचा हात माझ्या हातात दिला.

"थकलीस?"

"खूप. आणि... मीही पडलेय, बरं का."

घरी पोचलो तेव्हा आईनंच दार उघडलं. त्याच्या कोटावरचं नाव तिनं सावकाश वाचलं. एलायस बिल्ला काढायला लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "आत या दोघं. एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय मला."