कटच्या पुढचे दहा सेकंद

दिग्रसहून निघालेल्या एसटीत जेबा जुन्या दुलईच्या तुकड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क मांडीवर धरून बसली होती, आणि दर खड्ड्याला तिचा जीव खालीवर होत होता. दारव्हा मागे पडलं तसं पलीकडच्या सीटवरच्या मुलानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाळ रडत नाही जी तुमचं. काय पाजता त्याले?"

"ते रडलं तर मलेच रडा लागन," जेबा म्हणाली. मग अनोळखी मुलाशी आपण बोललो हे ध्यानात येऊन तिनं खिडकीबाहेर पाहिलं... कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या नुसत्या उभ्या होत्या.

यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला ती उतरली. तोही उतरला. ती औद्योगिक वसाहतीकडे वळली, तोही वळला. भीतीनं तिनं पाय उचलले. ज्या साउंड स्टुडिओचा पत्ता तिच्या मुठीत होता, त्याचं शटर त्यानंच किल्ली लावून वर केलं, आणि आधी तोच लाजला. मोईन त्याचं नाव.

कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडले होते आणि कापसातली सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने अर्धे दिवस बंदच असायचे. तिथल्या बायकांचं काम टिकावं म्हणून नेमसिंग सरांच्या संस्थेनं एक फिल्म करायला घेतली होती. लग्नाच्या कॅसेटी जोडणाऱ्या जेबाकडे एडिटिंग आलं. एरवी धीट पोरगी, पण अब्बांपुढे तिची मांजर व्हायची. जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देणाऱ्या अब्बांनी, रहेमान मिस्त्रींनी, तिला परवानगी दिली ती एका अटीवर. काम करायचं, पण लोकांना बोलायला जागा द्यायची नाही. बोलणं झालं की काम बंद, आणि पुसदच्या स्थळाला होकार.

पहिल्याच दिवशी मोईननं तिची चूक काढली. तिनं व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधून आवाज बाहेर काढला होता, पण प्रत्येक तुकडा अगदी कटाशी, म्हणजे दृश्य बदलतं तिथेच, छाटून. त्याच्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते तुकडे उघडले, तर एक आवाज हळूच विरवून दुसरा वर आणायला जागाच नव्हती.

"ही दुलई तुमच्या अम्मीनंच शिवली ना? शिलाईच्या आत कापड सोडते की नाही? तसं सोडा. कटच्या अलीकडे दहा सेकंद, पलीकडे दहा."

"अन् त्यात फालतू बोलणं आलं तर?"

"ते मी झाकतो. कपडा उलटा करून कोण पाहते?"

ती हसली. मग दोनदा यवतमाळला गेली, आणि दोन्ही वेळा काम संपल्यावरही हेडफोनची वायर गुंडाळायला तिला फार वेळ लागला. तो तिला ऐकायला शिकवायचा. ही सरकी काढणाऱ्या रेचणीची घरघर, हा बाईचा श्वास, हे तिच्या बांगडीचं वाजणं. एकदा हेडफोन देताना बोटाला बोट लागलं, तर दोघांनीही माफी मागितली – आणि कशाची ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मधल्या काळात जिनिंगमध्ये काम करणाऱ्या तुळसाबाईंचा एक भाग जेबाला स्वतः जाऊन पुन्हा घ्यावा लागला. तो जोडून तिनं दोन्हीकडे दहा-दहा सेकंद न ऐकताच सोडले आणि पूर्ण फाइल घातलेली डिस्क दुलईत गुंडाळून एसटीच्या कंडक्टरच्या हाती लोहाऱ्याला धाडली. शनिवारी सकाळी मोईनकडे सगळ्यांनी मिळून ऐकायचं ठरलं होतं. पोरगी तीनतीनदा यवतमाळला जाते म्हणून मोहल्ल्यात कुजबुज सुरू झालीच होती, तेव्हा या खेपेला अब्बाही येणार होते.

शुक्रवारी तुळसाबाई रस्त्यात भेटल्या आणि डोळे मिचकावून म्हणाल्या, "काय व, तो आवाजवाला पोरगा काय म्हणते?"

जेबाला एकदम आठवलं. त्या दिवशी शूटिंग संपल्यावर तुळसाबाईंनी तिला लग्नाचं विचारलं होतं, आणि तिनं मन मोकळं केलं होतं. तेव्हा माईक अजून त्यांच्या पदराला अडकवलेलाच होता. म्हणजे ते सगळं त्या दहा सेकंदांत होतं.

ती एसटीडी बूथवर धावली. मोईनचा मोबाइल बंद. लोहाऱ्यालाही लोडशेडिंग, चार्जिंग संपलं असणार. दुसऱ्यांदा लावला, पाचव्यांदा लावला, बंदच.  तो हसेल का, याची भीती होतीच. पण अब्बा ऐकतील ही भीती त्याहून मोठी होती.

सकाळी स्टुडिओत नेमसिंग सर पुढे बसले, अब्बा त्यांच्या बाजूला, आणि जेबा दाराशी, पळता यावं अशा बेतानं. मोईननं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं ऐकलं होतं की नव्हतं, काही कळेना. फिल्म पुढे सरकू लागली. तुळसाबाई पडद्यावर आल्या, त्यांचं शेवटचं वाक्य झालं, कट आला आणि गेला. जेबानं श्वास सोडला.

"थांबा," नेमसिंग सर म्हणाले. "बाईच्या मागचा मशीनचा आवाज एकदम तुटते. अजून थोडा राहू द्या. पुढचं आहे ना तुमच्याकडे?"

मोईनचा हात माउसवर थबकला. जेबाला स्वतःच्या छातीतली धडधड स्पीकरमधून येते आहे असं वाटलं.

"पुढचं खराब आहे सर. माईक घासला."

"वाजव तर," अब्बा म्हणाले. त्यांना यंत्राची हौस दांडगी. "पाहू दे किती घासला."

"चाचा, दोन दिवस कान दुखतील तुमचे." त्यानं झरझर दुसऱ्या तुकड्यातली घरघर उचलून तिथे जोडली. "हे ऐका. आता तुटते का?"

तुटत नव्हतं. अब्बांनी कौतुकानं मान हलवली. आणि जेबाला कळलं, की त्यानं ऐकलंय. सगळंच ऐकलंय.

निघताना त्यानं दुलईत गुंडाळलेली डिस्क तिच्या हाती दिली आणि चपला शोधत असल्यासारखं खाली वाकून पुटपुटला, "शेवटची फाइल... हेडफोन लावून ऐका. पटलं नाही तर मिटवून टाका."

परतीच्या एसटीत अब्बा म्हणाले, उद्या इतवारी पुसदचे लोक येतील. जेबानं डिस्क पोटाशी घट्ट धरली. नाही म्हणणारा माणूसही अशीच पाटी पुसून टाकायला सांगतो, हे तिच्या मनातून जाईना.

घरी पोचल्या पोचल्या तिनं कॉम्प्युटर लावला. घाईत हेडफोनची पिन दोनदा भलतीकडे लागली. आधी तिचाच आवाज आला, जिनिंगच्या घरघरीत बुडालेला: "मावशी, मले तो लोहाऱ्याचा मोईनच पाहिजे. पण अब्बाले सांगाची हिंमत कुठून आणू?"

मग दहा सेकंद त्याचे. "मी हे बारा वेळा ऐकलं. हसलो नाही, भेलो. तुम्ही फक्त हो म्हणा... मी अम्मीले घेऊन तुमच्या घरी येतो. हिंमत अर्धी तुमची, अर्धी माझी."

"काय ऐकून राह्यली व?"

अब्बा दारात उभे होते. घरात ते उर्दूच बोलत, वऱ्हाडीवर येत ते रागात नाहीतर लाडात, आणि आत्ता कशात होते ते तिला ओळखता येईना. मिटवायचं बटण तिच्या बोटाखालीच होतं. 

तिनं हेडफोनची पिन उपटली आणि फाइल पहिल्यापासून लावली.

दोन्ही आवाज खोलीभर वाजले. मग नुसती रेचणीची घरघर राहिली, आणि तीही विरली. अब्बांनी पुढे होऊन लोंबणारी पिन उचलून टेबलावर ठेवली.

"मले वाटलंच," ते म्हणाले. "माईक घासला असता तर पोरगा इतका घामाघूम कायले झाला असता?"

जेबाची मान वर होईना. डोळे मात्र भरून आले.

"पुसदवाल्याले मी फोन करतो," अब्बा वळता वळता म्हणाले. "अन् त्या आवाजवाल्या पोराले सांग, शुक्रवारी नमाजनंतर ये. अम्मीले घेऊन."