येतो म्हण

ताटं उचलली गेली आणि भाचीने टेबलावर नकाशा पसरला. नदीच्या खोऱ्यातले किल्ले बघायचे, शुक्रवारी निघायचं, रविवारी परत, असा बेत होता. तिचा नवरा आणि धाकटा भाऊ दोघे बाजूला. तिघांची डोकी एकमेकांना चिकटलेली, आणि बोलणं असं की जणू ते किल्ले यांच्यासाठीच बांधून ठेवलेत. एकावर सूर्योदय, दुसऱ्यावर जेवण, तिसऱ्यावर फोटो.

"आणि शेवटचा हा," भाची म्हणाली. "वळणावरचा, पलीकडच्या काठाचा."

मामा कोपऱ्यात चष्मा पुसत बसला होता. सगळा जन्म गॅरेजमध्ये गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस. बोलण्यापेक्षा ठोकणं त्याला जास्त जमायचं.

"तो सोडा," तो म्हणाला.

"का रे? रस्ता खराब आहे?"

"रस्ता चांगला आहे."

जावई हसला. "मग भूतबीत आहे की काय मामा?"

मामाने चष्मा नाकावर चढवला. "जावईबापू, तुमच्या घरून निघताना मी एक शब्द बोलत नाही. बूट घालतो आणि चालू पडतो. तुमच्या आई मला उद्धट म्हणतात. खरं की नाही?"

जावयाचं हसू मावळलं. आई म्हणायची खरी.

"का बोलत नाही ते ऐका. आणि मध्ये फोन वाजला तर मी गप्प बसेन, मग विचारू नका पुढे काय झालं."

धाकट्याने फोन उलटा ठेवला. मामा सांगू लागला.

मामाच्या गॅरेजला एक मिनीबसवाला यायचा. सगळे त्याला मखमल म्हणायचे, ते त्याच्या चालवण्यामुळे. पुढच्या काचेपाशी चहाचा ग्लास काठोकाठ भरून ठेवायचा आणि घाट उतरून यायचा. थेंब सांडायचा नाही. प्रवासी बायका त्याच्या गाडीत घोरायच्या. मामाचं उलटं. मामाच्या शेजारी बसून कोणी चहा प्यायला, तर अर्धा तोंडाने आणि अर्धा शर्टाने.

मखमलची बायको घरी बसून हॉटेलांचे पडदे, चादरी शिवायची. तोंडाची फटकळ, पण हाताची अशी पक्की की तिची शिवण कधी उसवली नाही. सात वर्षांची एक मुलगी, झोपेतसुद्धा बडबडणारी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्यातली एक कापडांच्या गठ्ठ्यांनी भरलेली.

तर रिटायर झालेल्या नर्स बायकांच्या एका गटाने मखमलला याच किल्ल्यांची सहल सांगितली. मखमलची रीत अशी, की नवीन ठिकाण असलं की आधी रिकामी गाडी घेऊन जायचं आणि वाट बघून यायची. गाडी कुठे वळते, कुठे उभी राहते, सगळं डोळ्यांखालून घालायचं.

"नकाशा आहे ना तुझ्याकडे?" बायको मशीनवरून म्हणाली. "डिझेल काय तुझ्या सासऱ्याने ठेवलंय भरून?"

"नकाशात वळण दिसतं. सत्तरीच्या बायकांना लघवीला कुठे उतरवायचं, ते दिसतं का?"

"हां, ते मात्र खरं."

"मग जातो."

"जातो काय मेल्या! येतो म्हण!"

आतून मुलगी ओरडली, "येतो म्हण, बाबा!"

"येतो बायांनो, येतो."

हे त्यांचं रोजचंच. तो मुद्दाम जातो म्हणायचा आणि त्या दोघी मुद्दाम ओरडायच्या. त्याशिवाय तो जिना उतरायचा नाही.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार होता. दिवसभरात बाकीचे किल्ले त्याने बघून घेतले. वळणावरच्या किल्ल्यापाशी पोचला तेव्हा उजेड जात होता. खाली नदी, वर काळा बुरूज, समोर एक मोठा दरवाजा. मोठ्या दरवाजाच्या पोटात माणसापुरतं एक छोटं दार. माणूस कुठेच नव्हतं. बस आत नेता येते का, हे विचारावं म्हणून मखमलने ते छोटं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा होता. अगदी दाराला लागून.

"बसवाला आहे. वाट बघायला आलोय."

मग...

"मीपण."

"काय म्हणालात?"

"मीपण वाटच बघतेय."

मखमल हसला. पहारेकऱ्याची बायको असेल, थट्टेखोर दिसतेय, असं त्याला वाटलं. "पुढच्या आठवड्यात सहल आणतोय. बायका आहेत सगळ्या."

"घरचं कोणी?"

"घरी बायको आणि मुलगी आहे."

"त्यांनाही आणा."

आता अशा वेळी माणूस काय म्हणतो? तुम्ही काय म्हणाल? तोही तेच म्हणाला. "आणतो की. बरं, येतो मी."

"या," बाई म्हणाली.

आतून कडी काढल्याचा आवाज झाला. दार काही उघडलं नाही.

सकाळी त्याने किल्ल्याच्या ऑफिसला फोन लावला. गाडी पुढच्या दरवाजातून आत घ्याल का म्हणून विचारलं. तिकडचा कारकून म्हणाला, "पुढून कुठे? ती कमान मागून दगडांनी बुजवलीय. भिंत आहे तिथे. लोक मागून येतात. तुम्हाला पुढून कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मखमल म्हणाला आणि फोन ठेवला. बायकोला त्याने तेव्हा काही सांगितलं नाही. पुरुष असेच. घराला आग लागली तरी आधी स्वतः वास घेत बसतील.

शुक्रवारी रात्री जेवायला बसले होते. मुलगी दाराकडून आली.

"बाबा, त्या आजी विचारतायत, कधी निघणार?"

"कोण आजी?"

"बाहेरच्या."

मखमलने दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. त्याने बायकोला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. तिने कापड कापायची मोठी कात्री उचलली आणि पायरीवर जाऊन उभी राहिली. "कोण आहे गं? लेकराशी काय बोलतेस? समोर ये, मला विचार!"

जिना रिकामा. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी टीव्ही चालू होता.

आणि कानापाशी, हळूच, कोणी तरी बोललं. "वाट बघतेय."

बायकोनेही ऐकलं. त्यामुळे नवऱ्याला वेड लागलं, असं म्हणायची सोय राहिली नाही.

"आम्ही येत नाही," मखमल अंधाराकडे बघून म्हणाला. "तो किल्ला सहलीतून काढलाय."

"येतो म्हणालात."

"अहो, ती बोलायची पद्धत असते! निघताना म्हणतात तसं!"

"म्हणालात."

खालचा टीव्ही बंद झाला होता.

नर्स बायकांची सहल मखमलने दुसऱ्या बसवाल्याला देऊन टाकली. शनिवारी तो मामाच्या गॅरेजवर आला. गाडीला काही झालेलं नव्हतं. नुसताच टायरवर बसून राहिला.

"उस्ताद, मी तिला म्हणू काय?" तो म्हणाला. "येतो म्हटलं, तर ती धरून बसली. मग जातो म्हणू? जातो कोण म्हणतं माहीत आहे ना? जो परत येत नाही तो. निघायचे दोनच शब्द आहेत आपल्याकडे. तिसरा असला तर सांग."

मामाने विचार केला. खूप केला. तिसरा सापडला नाही. त्याने मखमलला चहा दिला, तो त्याने प्यायला नाही.

घरात बायकोने कायदा काढला. निघताना कोणी काही बोलायचं नाही. "बोललात तर तोंड शिवीन," ती म्हणाली. "दोरा आहे माझ्याकडे भरपूर." दोन दिवस तसं चाललं. मुकाट्याने निघायचं, मुकाट्याने यायचं. घर कसं, दवाखान्यासारखं.

सोमवारी मुलीला शाळेला उशीर झाला. एक हात दप्तरात, एक पाय बुटात. धावत सुटली. पोरच ते. सवयीने ओरडली,

"आई, येते गं!"

आणि खालच्या जिन्यातून उत्तर आलं.

"ये."

मोठ्यांना बाई "या" म्हणायची. पोरीला "ये" म्हणाली.

त्या दिवसापासून मुलीची बडबड थांबली. विचारलं तर मान हलवायची. रात्री बायकोला जाग आली, तर अंथरूण रिकामं. मुलगी दारापाशी उभी. बूट घातलेले. उलटसुलट.

"कुठे निघालीस?"

"आजी वाट बघतायत. मी म्हणाले ना, येते."

मंगळवारी मखमलने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली घेतली. पहाटे कुलूप उघडं, किल्ली उशाखालीच. मुलगी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. तळपाय बर्फासारखे.

बुधवारी बायकोने सुई काढली. जाड दोरा घेतला, पडद्यांचा. मुलीच्या झग्याची बाही स्वतःच्या बाहीला शिवली. दुहेरी टाके. गाठीवर गाठ. "आता ने," ती दाराकडे बघून म्हणाली. "मला घेऊनच नेशील."

सकाळी दोरा सतरंजीवर पडला होता. तुटलेला नव्हता. कापलेला नव्हता. एकेक टाका उसवून, सरळ करून, नीट गुंडाळून ठेवलेला.

मुलगी तळमजल्यावर सापडली. इमारतीचं मोठं दार तिने अर्धं उघडलं होतं.

बायको तेव्हा पहिल्यांदा रडली. जिच्या शिवणीला आजवर कोणी हात लावला नव्हता, ती.

गुरुवार. तिने पुन्हा शिवलं. दुसरं काही सुचतच नव्हतं, करणार काय? मुलगी झोपली. बायको तिच्या शेजारी, बाहीला बाही. मखमल उठला. अंगात कोट घातला. ग्लासात चहा ओतला, काठोकाठ. तो हातात घेऊन दारात उभा राहिला.

"कुठे?" बायकोने विचारलं.

मखमलने मुलीकडे बघितलं. मग बायकोकडे.

"जातो," तो म्हणाला.

ती सवयीने म्हणाली. तिच्या तोंडून निघूनच गेलं ते.

"येतो म्हण..."

मखमलने मान हलवली. नाही म्हणून.

मग तिला कळलं. ती उठायला गेली. बाही ताणली गेली. दुसऱ्या टोकाला मुलगी. दात लावले, दोरा तुटेना. तिचाच टाका. तिचीच गाठ.

"ए! येतो म्हण! अरे, येतो म्हण!"

जिन्यात पावलं. खाली गाडी सुरू झाली. हळू. मखमल कधी घाई करायचा नाही.

मामा इथे थांबला. भाचीने कधीतरी नकाशाची घडी घातली होती, आणि ती घडी मांडीवर धरून बसली होती.

"आणि मुलगी?" तिने विचारलं.

"सकाळी उठली ती बडबडतच. दूध दे, वेणी घाल, बाबा कुठेयत. आजींचं नावसुद्धा नाही. आता नोकरी करते. बोलून बोलून ऑफिसला बेजार करते म्हणे."

"आणि तो?"

मामा उठला. दाराशी जाऊन बाकावर बसला आणि बूट ओढले.

"गाडीत माझ्या गॅरेजचं कार्ड होतं, म्हणून फोन मला आला. गाडी त्या दरवाजासमोर उभी होती. नीट, हँडब्रेक ओढून. चावी जागच्या जागी. पोलिसांनी नदी धुंडाळली, बुरूज धुंडाळले. ते छोटं दार काढून बघितलं, मागे भिंतच होती. काही नाही. शेवटी मला म्हणाले, गाडी घेऊन जा."

त्याने एका बुटाची नाडी बांधली. दुसऱ्याची बांधली.

"काचेपाशी ग्लास होता. चहा काठोकाठ. ओतून टाकावा असं वाटलं. हात होईना. म्हटलं, सांडेल वाटेत आपोआप. माझं चालवणं तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तर डोळ्यांपुढे रस्ता दिसत नव्हता. दोन खड्ड्यांत घातली गाडी, घाटात ब्रेक असा मारला की मागची सीट निघाली."

"मग?" धाकट्याने विचारलं.

मामाने दार उघडलं. बाहेर जिन्यात अंधार होता. तो उंबऱ्यात क्षणभर उभा राहिला.

"त्याच्या बायकोच्या दारात गाडी थांबवली. ती खाली आली, आत चढली, काचेपाशी बघत राहिली. मग मीपण बघितलं. ग्लास काठोकाठ होता. ग्लासाखाली हात फिरवला मी."

तो बाहेर पडला. पाठमोराच बोलला.

"कोरडं होतं सगळं."