वरच्या टाकीचं पाणी

वाघोशी नगरपंचायतीच्या सभागृहात सतरा खुर्च्या, पाण्याचे दोन जार आणि एक मणी होता. सत्ताधाऱ्यांच्या नऊ खुर्च्यांजवळचा जार वरच्या टाकीचा, विरोधकांच्या आठ खुर्च्यांजवळचा खालच्या टाकीचा. गेल्या निवडणुकीतल्या हाणामारीपासून एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूचं पाणी पीत नसे.

मणी शर्वरी घोलपच्या मुठीत होता. ती सत्ताधाऱ्यांची सर्वांत तरुण नगरसेविका, रसायनशास्त्राची पदवीधर. नगराध्यक्ष यायच्या आत तिने तो आपल्या बाजूच्या जारमध्ये सोडला. काचेत कोंडलेले जिवाणू पाण्यात विषारी क्रोमियम असलं की उजळायचे. असे दीपमणी आता औषधांच्या दुकानातही मिळत. मणी हिरवा पेटला. धुऊन तिने तो विरोधकांच्या जारमध्ये टाकला. तिथे तो हळूहळू विझला.

"अगं ए, आमच्या पाण्यात काय टाकतेस?" विरोधी गटनेते नामदेवतात्या खरमाटे ओरडले.

"तुमचं चांगलं आहे, तात्या. विष आमच्यात आहे. खालच्या टाकीचं पाणी वर चढवायचा ठराव मांडतेय."

"म्हणजे आमच्या वॉर्डांना दिवसाआड पाणी? वरची टाकी बांधली तुमच्या अध्यक्षांनी, तहान आमच्या माथी?"

"वरच्या अंगणवाडीतली पोरं तेच पितात, तात्या."

तात्या जारकडे बघत राहिले. "मग आमच्या पक्षात ये."

"पक्ष सोडत नाही. हात तेवढा वर करीन."

"खुळी आहेस. व्हिप मोडलास तर पद जाईल."

"जाऊ दे." तिच्या घशाला कोरड पडली होती आणि समोरचं पाणी पिता येत नव्हतं.

"बरं. आमचे आठही देतो."

आठ आणि एक, नऊ.

नगराध्यक्ष दिनकरराव आले, मणी पाहून हसले. "प्रयोगशाळा घरी ठेवून येत जा, शर्वरी. व्हिप ठरावाच्या विरुद्ध आहे."

मतदान पुकारलं. शर्वरीने हात वर केला आणि समोर पाहिलं. तात्यांचा हात वर होता, पण त्यांच्या शेजारच्या दोघांचे हात मांडीवरच होते. सहा. तिने पुन्हा मोजले. सहाच.

"झालं?" दिनकरराव मुख्याधिकाऱ्यांकडे वळले. "मोजा, साहेब."

शर्वरीच्या मागे बांगड्या वाजल्या.

"मागं बघू नकोस, पोरी," तिच्याच पक्षाच्या कुसुममावशी म्हणाल्या, "आणि हात खाली घेऊ नकोस." मग त्या आपल्या शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. "अहो सलीमभाई, तुम्ही पण करा की वर!"

मुख्याधिकाऱ्यांनी दोनदा मोजलं.

"ठरावाच्या बाजूने नऊ, विरुद्ध आठ."