येतो म्हणा

सकाळी नऊला फाटक उघडलं आणि बाई जवळजवळ पळतच आत शिरल्या. तीस वर्षं जमिनींची मोजणी केलेली बाई. एका हातात नकाशा, पर्समध्ये टेप. मागून धापा टाकत नवरा म्हणाला, "अगं, हळू! ऐंशी वर्षं थांबलेत आजोबा, आणखी पाच मिनिटं थांबतील."

पण आज थांबतंय कोण! परदेशातल्या लढाईत पडलेले आईचे बाबा अखेर या सैनिकी दफनभूमीच्या यादीत सापडले होते.

आईचं मागणं एकच होतं. लढाईवर निघताना बाबा घाईघाईत "जातो" म्हणाले होते. आजी उंबऱ्यातून ओरडली, "अहो, येतो म्हणा!" त्यांना ऐकूच गेलं नाही. आजीने ते जन्मभर मनाला लावून घेतलं. आता त्र्याऐंशीच्या आईने लेकीला बजावलं होतं, "तेवढं वदवून घे गं त्यांच्याकडून. मग मी सुखाने डोळे मिटेन."

सातवी रांग, चौदावा दगड. नाव, गाव, पलटण, सगळं तंतोतंत.

"सापडले! अहो, सापडले हो!" बाईंनी नवऱ्याचं मनगट असं दाबलं की तो कळवळला. त्यांना रडूही येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. नवरा फोटो काढायला मागे सरकला.

बाई दगडाशी वाकल्या. "काय हो आजोबा, किती ताटकळवायचं घरच्यांना? आता तरी येतो म्हणा."

गवत दवाने ओलं होतं. लांब कडेला माळी कात्री चालवत होता.

"येतो."

"चेष्टा पुरे हं!" बाई गर्रकन वळल्या.

नवरा दहा पावलांवर होता. "मी कुठे काय बोललो?"

मग बाईंना ते दिसले. दगडापासून फाटकापर्यंत, दवात उमटलेले बुटांचे ठसे. येताना नव्हते, असल्या बाबतीत त्यांची नजर चुकत नसे.

सवयीने त्यांनी टेप लावली. दर पावलात तीस इंच. कवायतीचं पाऊल.

त्या बुटांचा दगडाकडे येणारा ठसा एकही नव्हता.

त्यांनी घरी फोन लावला. "आई, सापडले गं! आणि ते..."

"अगं, हळू बोल." आईचा आवाज लहान मुलीसारखा खुलला होता. "बाबा आत्ताच आलेत, दारात उभे आहेत. मी फडकं शोधतेय. बुटांना केवढं ओलं गवत चिकटलंय!"