एकाच मापाचे काटे

"हे काटे माझ्या घड्याळाचे नाहीत."

बाईंनी घड्याळ काउंटरवर ठेवलं. आपटलं नाही, झोपलेलं मूल ठेवावं तसं ठेवलं. सोन्याचं, पातळ, आता कंपनीसुद्धा ज्याचे भाग बनवत नाही असं.

दुकानातली सून ते खिडकीपाशी घेऊन गेली. तबकडी तीच, बाहेरची सोन्याची केस तीच. काटे मात्र काळे. घड्याळ दुरुस्तीला आलं तेव्हा तिनेच फोटो काढला होता. तेव्हा काटे निळे होते. पोलाद तापवून आणलेला गडद निळा, सावलीत काळाच वाटणारा, उजेडात तिरपा धरला की उमटणारा.

"माझ्या नवऱ्याच्या हातावर शेवटपर्यंत होतं हे," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत माझे काटे द्या. नाहीतर पोलीस येऊन विचारतील."

"द्याच तक्रार." मागच्या टेबलावरून सासरे उठले. साऱ्या धंद्यात त्यांना उस्ताद म्हणत. "दुकानातून निघायच्या आदल्या दिवशी ह्यात निळेच काटे होते. मी स्वतः पाहिलेत. माझ्यानंतर घड्याळ फक्त माझ्या मुलाच्या हातात होतं."

मुलगा तिथेच उभा होता. हातातला चिमटा खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

बाई बाकावर बसल्या. त्या हलणार नव्हत्या.

सुनेने नवऱ्याला आतल्या खोलीत ओढलं.

"खरं सांग."

"तूसुद्धा?"

"विचारतेय फक्त. काटे कोणी बसवले?"

"मी. काढले तेच परत. निळे."

"मग?"

"मग चालतंय का बघायला काचेखाली ठेवलं. बाबांनी कानाला लावून ऐकलं, नेहमीसारखं. म्हणाले, बाराला काटे केसभर पुढेमागे येताहेत. मी म्हटलं, एवढं चालतं."

"देताना पाहिलं नाहीस?"

"बाबांनी पास केलेलं मी परत उघडू? माझी काय बिशाद!"

"मधे कोण आलं होतं?"

"पार्टवाला, सुटे भाग विकणारा. बराच वेळ एकटा बसला होता." हातातला चिमटा त्याने आता कुठे खाली ठेवला. "बाबा मला चोर म्हणाले गं. परक्या बाईसमोर."

शाळेच्या फाटकाशी आपल्या पोरीला कोण काय विचारेल, तेच तिच्या डोळ्यांपुढे आधी आलं.

तिने पार्टवाल्याला फोन लावला. तो मोठ्याने हसला.

"वहिनी, मला निळे काटे चोरायचेच असते तर तुमची डबी उघडीच असते की! मीच विकलेत तुम्हाला. चालत्या घड्याळातून उपटत बसायला मला काय वेड लागलंय?"

ती डबीकडे गेली. जुने अस्सल काटे ठेवायची ह्या दुकानाची एक रीत होती. एकाच मापाचे सगळे काटे एकाच डबीत. कुठल्या काळच्या घड्याळाला कुठली जोडी, ते रंग बघून निवडायचं. पद्धत उस्तादांनीच घालून दिलेली.

निळ्या दोन जोड्या होत्या. दोन्ही जागच्या जागी. काळी एकच असायची. ती नव्हती.

तिने पुन्हा मोजलं.

"बाबा, त्या दिवशी घड्याळ नुसतं ऐकलंत?"

"म्हणजे?"

"उघडलंत का?"

"चौकशी त्याची कर, सूनबाई." त्यांनी टेबलावरचा दिवा ओढला, कपाळाला चिकटेल इतका जवळ.

एवढ्यात शाळेच्या गाडीतून पोरगी आली आणि दप्तरासकट आजोबांना बिलगली. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा.

"आजोबांनी घातले," ती खिदळली. "टीचर म्हणाल्या, नवीन फॅशन का?"

"काहीतरीच. दोन्ही निळेच आहेत की," सासरे म्हणाले.

सून जागच्या जागी थिजली. हे सगळं आत, दार लावून बोलता आलं असतं तर! पण बाई उठल्या होत्या. त्यांनी पर्स खांद्याला अडकवली.

"थांबा," सून म्हणाली.

तिने दुसऱ्या एका डबीतून दोन जोड्या काढल्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवल्या.

"बाबा, निळी जोडी उचला."

"हा काय पोरखेळ?"

"उचला ना. माझ्यासाठी."

त्यांनी दिवा आणखी जवळ घेतला. चिमट्याने एक जोडी अलगद उचलली. हात जराही कापला नाही.

"ही."

ती काळी होती.

त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चिमटा हळूच खाली ठेवला.

"चोरी झालीच नाही," सून म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता. "चोर असता तर डबीतले निळे गेले असते. गेले काळे. ज्याने ते बसवले त्याला घड्याळ बिघडवायचं नव्हतं, नीट करायचं होतं. कंपनी बरोबर, माप बरोबर, भाग अस्सल. चुकला तो रंग. काटे केसभर पुढेमागे असलेलं खपत नाही, असा माणूस इथे एकच आहे. बाबा, सारखे करायला काढलेत तेव्हा काटा मोडला ना?"

सासऱ्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत निळा तासकाटा होता आणि मोडलेला मिनिटकाटा. दोन तुकडे.

"सांगायची लाज वाटली," ते म्हणाले. "पण मी निळीच जोडी लावली होती. शपथ."

"तुम्हाला निळीच दिसली."

"म्हणून वाटलं, नंतर ह्याने..." त्यांना मुलाकडे बघवेना.

नवऱ्याने निळी जोडी बाईंपुढे धरली. "त्याच काळची आहे. अस्सल. लगेच बसवून देतो."

बाईंनी जोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पुडी उचलली.

"असेल अस्सल. पण ते ह्या काट्यांत वेळ बघायचे." पुडी पर्समध्ये गेली. काळ्या काट्यांचं घड्याळही गेलं. दारात त्या म्हणाल्या, "तक्रार तरी कोणावर करू आता?"

दार लागलं. पोरगी आईच्या पायांना चिकटून उभी होती.

"मोतीबिंदू असेल, बाबा," नवरा म्हणाला. "साधं ऑपरेशन असतं."

"माझ्या डोळ्यांचं होईल रे." सासऱ्यांनी दिवा मालवला. "पण ह्या वर्षात माझ्या हातून गेली ती घड्याळं?"

उस्तादांनी पाहिलंय, एवढ्या शब्दावर लोकांनी ती घेतली होती, विकली होती, मुलांच्या मनगटावर बांधली होती. कुठल्या घड्याळात काय बसलंय, ते उस्तादांनाही सांगता आलं नसतं.

"मी फोन करतो एकेकाला," नवरा म्हणाला.

"काय सांगशील?" सासऱ्यांनी विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. शाळेचं फाटक पुन्हा डोळ्यांपुढे आलं, तशी तिने पोरीला उचलून घेतलं.