बाराव्या बोल्टावरची रेघ

बोल्ट आधी आवळायचा आणि रेघ नंतर मारायची. यात न समजण्यासारखं काही नाही. गाझियाबादच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला मी बत्तीस वर्षं काढली आणि नव्या पोरांच्या कानीकपाळी हेच ओरडत राहिलो. टॉर्क रेंचनं 'टक्' असा आवाज येईपर्यंत आवळा, मग पेंट मार्करनं बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूवर एक पिवळी रेघ ओढा. पुढे कधी बोल्ट हलला, तर रेघेचे दोन तुकडे जुळत नाहीत. लांबूनही दिसतं. रेघ ही इन्स्पेक्टरची सही असते. माझी रेघ शेवटी जरा वर वळते. हाताची खोड, दुसरं काय.

रिटायर झाल्यावर या हाताला काम मिळालं ते वेदांतच्या सायकलचं. वेदांत आमचा एकुलता एक मुलगा. नोकरी गुडगावात, राहायला मात्र आमच्याकडेच, मयूर विहारला. दर रविवारी पहाटे मित्रमैत्रिणींच्या गाडीवर सायकल लादायची आणि फरीदाबादपलीकडे अरवलीतल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर जायचं, हा त्याचा नेम. सायकल पुढे आणि मागे, दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक असलेली. दुकानात देऊ या ना बाबा, असं तो म्हणायचा. मी देऊ दिली नाही. दुकानातली पोरं अंदाजपंचे बोल्ट पिळतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

या सायकलचं मागचं चाक सांध्यांवर वरखाली हलतं आणि फ्रेमच्या मधोमध बसवलेला शॉक ते तोलून धरतो. सांध्यांचे अकरा बोल्ट आणि शॉकचा खालचा एक, असे बारा. शॉकच्या दांड्यावर एक काळी रबरी रिंग असते. कोणी सायकलवर बसलं की शॉक दबतो, रिंग खाली सरकते, आणि माणूस उतरला तरी तिथंच राहते. बसणाऱ्याचं वजन त्यावरून कळतं. वेदांत अडुसष्ट किलोचा. मी शॉकमध्ये हवा अशी भरली होती, की रिंग बरोबर चौदा मिलिमीटरवर थांबेल. कॅलिपर लावून मोजायचो. तो हसायचा, "बाबा, रॉकेट नहीं उड़ाना है."

आता नोव्हेंबरातला तो शनिवार सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळायला नको. सायकल पूर्ण खोलली होती. सांधे पुसले, ग्रीस भरलं, बाराही बोल्ट हातानं टेकेपर्यंत पिळले. मार्करचं टोक फार लवकर वाळतं, म्हणून अलीकडे मी सगळ्या रेघा एकदमच मारून घेऊ लागलो होतो. आधी रेघा, मग रेंच. शेवटच्या पिळानं रेघ केसभर सरकायची, ते मी चालवून घ्यायचो. कोण विचारणार होतं मला? अकरा बोल्ट आवळून झाले आणि सोसायटीतून फोन आला, पार्किंगवरून. मी सेक्रेटरी. गेलो, पाऊण तास भांडलो आणि जिंकून परत आलो. सायकलकडे पाहिलं. बारा बोल्ट, बारा रेघा. हत्यारं पेटीत ठेवली आणि जेवायला बसलो.

रविवारी सकाळी नऊ वाजता उतारावर शॉकचा खालचा बोल्ट निघून पडला. पोलिसांच्या कागदावर सायकलवरून पडून मृत्यू एवढंच आहे. सायकल चौकीतून मीच सोडवून आणली. बाराव्या बोल्टाचं भोक रिकामं होतं आणि फ्रेमवर माझी अर्धी रेघ राहिली होती.

मी बायकोला, कुमुदिनीला सांगितलं, की तो घाई करत होता. वळणावर ब्रेक लावला नाही. इतक्या वेळा समजावलं होतं त्याला, असंही म्हणालो. जीभ झडली नाही माझी. तिनं ते मानलं, आणि तेव्हापासून ती मेलेल्या पोरावर रागावलेली आहे. त्याचा फोटो तिनं भिंतीवर लावू दिला नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवला. दहा सेकंद आधी पोचायला गेला आणि आपल्याला म्हातारपणी उघड्यावर टाकलं, असं ती आल्यागेल्याला सांगायची. मी समोर बसून चहा प्यायचो.

जानेवारीत मी सायकल पुन्हा जोडायला घेतली. कशासाठी ते विचारू नका. हात स्वस्थ बसेनात, एवढंच. नवा बोल्ट आणला, आटे धरून ठेवणारा निळा गोंद, थ्रेडलॉक, लावलं, रेंच 'टक्' म्हणाला. मग रेघ मारली. या क्रमानं. सायकल वेदांतच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराव्या बोल्टावरची रेघ तुटलेली होती. बोल्ट पाव फेरा सैल.

यंत्राच्या बाबतीत मी घाबरत नाही, कारण शोधतो. थ्रेडलॉक नीट वाळलं नसेल. आटे खराब असतील. रेंचच चुकत असेल. एकेक बाद करत गेलो. रेंच तपासून आणला, तो बरोबर होता. बोल्ट बदलला, आटे तारेच्या ब्रशनं साफ केले, थ्रेडलॉकला पुरते दोन दिवस दिले. दर सकाळी तोच बोल्ट, तेवढाच पाव फेरा. उरलेले अकरा ढिम्म हलत नव्हते.

मग आला कुमुदिनीचा संशय. पण तिच्या बोटांना संधिवात. लोणच्याची बरणीसुद्धा ती माझ्यापुढे सरकवते. तरीही खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी रेघ तुटलेलीच. त्या दिवशी सहज शॉककडे लक्ष गेलं. रिंग खाली सरकलेली होती. मीच आदल्या दिवशी ती वर, शून्यावर ढकलून ठेवली होती. कॅलिपर लावला.

चौदा.

तेव्हापासून मी रोज दोन कामं करत आलो. बोल्ट आवळायचा, रिंग वर ढकलायची. कुमुदिनीला वाटायचं, पोराच्या आठवणीनं करतोय. एकदा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला भाजल्यासारखा झाला.

मार्चमध्ये मयुरा आली. ही वेदांतच्या सायकलवाल्या कंपूतली, मूळ पुण्याची, गुडगावातच नोकरीला. त्या रविवारी ती त्याच्या मागेच होती. एवढे दिवस यायचा धीर झाला नाही, म्हणाली. कुमुदिनी चहा ठेवायला आत गेली, तशी ती खुर्चीच्या टोकावर सरकली आणि हळू आवाजात बोलू लागली. उतरायला सुरुवात करण्याआधी तिला सायकलमधून टकटक ऐकू आली होती. थांब, सगळे बोल्ट बघू या, असं म्हणून तिनं पाठपिशवीतून ॲलन की काढलीसुद्धा.

"तो खाली वाकला, काका. बघितलं त्यानं. मग म्हणाला, बाबांची लाइन आहे यार, बघायची गरज नाही."

मी टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घातली.

"मी हट्ट करायला हवा होता ना?"

आता तरी माझं तोंड उघडायला हवं होतं. मी तिला म्हणालो, "तुझा काय दोष? तो घाईत होता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाही काका, तो तर एकदम हळू उतरत होता."

तेवढ्यात कुमुदिनी चहा घेऊन आली. मी पोह्यांचा विषय काढला. पोहे! मयुरानं कसाबसा चहा संपवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरच्या दांडीच्या स्क्रूवर मला एक पिवळी रेघ दिसली. बारीक, स्वच्छ, शेवटी जरा वर वळलेली. स्क्रूला बोट लावलं तर तो गरगर फिरला.

मी स्क्रूड्रायव्हर आणून आवळला, रेघ रॉकेलनं पुसली. खोलीत जाऊन मार्कर पाहिला. त्याचं टोक वाळून खडखडीत झालं होतं.

पुढच्या दिवशी गॅसच्या नळीच्या क्लिपवर रेघ होती. क्लिप सैल. नंतर पंख्याच्या वरच्या बोल्टावर, मग गीझरच्या स्क्रूवर, मग कुमुदिनीच्या पलंगाच्या दोन पायांवर. प्रत्येक रेघ अखंड, प्रत्येक रेघेखालचं काम अर्धवट. उजाडल्याबरोबर मी पाना घेऊन घरभर फिरायचो आणि ती उठायच्या आत सगळं आवळून ठेवायचो. वेदांतच्या खोलीत बोल्ट पाव फेरा सैल असायचाच. रिंग चौदावर.

हे सगळं कशानं थांबेल, ते मला ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. पंचावन्न मापांचे पाने बाळगणारा माणूस मी, मला वाटलं आवळून भागेल.

काल सकाळी उठायला उशीर झाला. बाल्कनीतून बादलीचा आवाज आला म्हणून गेलो. आमचं घर चौथ्या मजल्यावर. कुमुदिनी कठड्यावर पोट टेकून, पुढे वाकून बाहेरच्या दोरीवर चादर टाकत होती. कठडा भिंतीत आठ बोल्टांनी धरलेला आहे. आठांवरही रेघा होत्या. ओल्या.

मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. ती चिडली. काय झालं, असं विचारलं. कठडा सैल आहे, मी म्हणालो.

"सैल कसा असेल?" तिनं बोट दाखवलं. "तुमची रेघ आहे की."

मी कठडा एका हातानं ढकलला. तो वीतभर बाहेर झुकला आणि डावीकडचे दोन बोल्ट भिंतीतून सुटून खाली गेले. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला.

मग मी सांगितलं. तिथंच, ओल्या चादरीवर उभं राहून. मार्करचं टोक, पार्किंगचा फोन, बारावा बोल्ट, मयुरा काय म्हणाली ते. काही राखून ठेवलं नाही.

"म्हणजे त्यानं बघितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी पाच महिने त्याला शिव्या घालते आहे. तुमच्या समोर बसून."

मी मान हलवली. ती आत गेली. कपाटातला फोटो काढला, पदरानं पुसला आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवला. माझ्याशी त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं, आणि ते तिलाही कळत असणार.

आज सकाळी तिनं स्वतःच टॅक्सी मागवली. तिची धाकटी बहीण प्रभा पानिपतला असते, यजमान तिथल्या एका सूतगिरणीत मॅनेजर आहेत. बॅग मला उचलू दिली नाही. मी जिन्यानं मागे मागे गेलो. ती मागच्या सीटवर बसली, दार लावलं आणि समोर बघत राहिली.

गाडी निघाली. गेटपाशी गतिरोधकावर हळू झाली, तेव्हा मागचं चाक माझ्या डोळ्यांसमोर आलं. पाच नट. पाचांवर पिवळी रेघ. शेवटी जरा वर वळलेली.

मी धावलो. अडुसष्ट वर्षांचे गुडघे कितीसे धावणार. गेटवरच्या वॉचमननं मलाच धरलं. पडोगे बाबूजी, म्हणाला.

कुमुदिनीला फोन केला. तिनं कापला. पुन्हा केला. पुन्हा कापला. मेसेज लिहिला, की गाडी थांबव, चाकाचे नट सैल आहेत. निळी खूण झाली. म्हणजे तिनं वाचला. काही वेळानं तिचा फोन बंद झाला. माझ्या तोंडून आलेली कुठली गोष्ट तिनं आता खरी मानावी? पोलिसांच्या एकशे बारा नंबरला फोन लावला. तिथल्या बाईनं शांतपणे गाडीचा नंबर विचारला. तो मी पाहिला नव्हता. मी नट पाहिले होते.

ती सकाळी साडेनऊला निघाली. पानिपत दोन तासांवर. आता दीड वाजलाय. मघाशी प्रभाला फोन केला. ताई अजून पोचली नाही भावोजी, हायवेवर जाम असेल, म्हणाली. जाम असेलही. स्वस्थ बसवेना म्हणून हे सगळं कागदावर उतरवायला बसलो होतो.

मधेच उठून वेदांतच्या खोलीत जाऊन आलो. आजचा बोल्ट आवळायचा राहिला होता. पण बाराव्या बोल्टावरची रेघ जानेवारीपासून पहिल्यांदाच अखंड होती. रेंच लावला, तो लगेच 'टक्' म्हणाला. मला क्षणभर बरं वाटलं.

मग रिंग पाहिली. ती चौदावर नव्हती, पार खाली गेली होती. कॅलिपर लावला. सव्वीस.

वेदांत अडुसष्ट किलो. कुमुदिनीचं वजन मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे केलं होतं, अठ्ठावन्न. दोघांची बेरीज करून त्रैराशिक मांडलं. कॅलिपर पुन्हा लावला.

सव्वीसच.