प्रश्नाआधीची जागा

आमच्या मालकाने, देलान्वाने, माझ्या बाबांच्या पुस्तकातल्या जागा काढायला सांगितल्या, तेव्हा छापखान्यात जेवणं नुकतीच आटोपली होती. म्हाताऱ्या बाझीलच्या मिशीला अजून चीज चिकटलेलं होतं.

"प्रश्नचिन्हाआधी एवढी मोकळी जागा कशाला? इंग्रज चिकटवतात की नाही? चिकटव सगळं."

"फ्रेंच पुस्तकात ती बारीक जागा असतेच. काढून चार ओळींचा कागदसुद्धा वाचणार नाही तुमचा."

"मारिव्हॉन, बाप तुझा असेल, कागद माझा आहे."

माझं डोकंच फिरलं. बाबा जन्मभर त्रेलाझेच्या पाटीदगडाच्या खाणीत राबले. धुळीने छाती खाल्ली. शेवटची वर्षं खाटेवर बसून त्यांनी खाणमालकांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. तोंडाने विचारून झालंच होतं. पण प्रश्नाच्या शेवटी पोचता पोचता त्यांना थांबून श्वास ओढावा लागायचा, बारीक शीळ वाजायची, आणि तेवढ्यात साहेबलोक उठून चालू लागायचे. छापलेल्या प्रश्नापुढून कोणाला असं उठता येणार नाही, म्हणून मला ते पुस्तक हवं होतं.

दात-ओठ खात मी अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममधला जागांचा नियम बंद केला. पडद्यावर प्रश्नचिन्हं शब्दांना चिकटली. पान छापलं, तर कागदावर जागा होत्या तशाच. तशाच कसल्या, जास्त रुंद! त्याही फक्त बाबांच्या प्रश्नांत. यंत्राला शिव्या घालून मी दुसऱ्या प्रिंटरवर पान काढलं. जागा आणखी वाढल्या होत्या.

तरी तपासणीला बसलो. आमची जुनी पद्धत आहे. बाझील हस्तलिखित मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांची नावंसुद्धा घेतो, आणि मी छापलेल्या पानावर बोट फिरवते.

"आमच्या पोरांना तरी," बाझील वाचत होता, "तोंडाला बांधायला फडकं द्याल का..."

तो थांबला. बारीक शीळ वाजली.

"प्रश्नचिन्ह," तो म्हणाला.

"पाणी पी रे बाबा."

"मी नाही गं वाजवलं ते." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी तर तोंड मिटून होतो."

ती शीळ मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकली होती. मला भीती नाही वाटली, संताप आला.

"मेल्यावर तरी एका दमात विचारा ना, बाबा!" मी ओरडले.

देलान्वा तरातरा बाहेर आला. माझ्या हातातलं पान हिसकावलं, जागा पाहिल्या, आणि मी मुद्दाम ऐकलं नाही असं समजून मला खुर्चीवरून उठवलं. स्वतः बसला. एकेक जागा पुसली. पान छापलं.

जागा गेल्या होत्या.

"बघ," तो म्हणाला, "एवढंसं काम, त्यात काय..."

तोंड उघडं राहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

शीळ वाजली.

"...अवघड होतं?"

घशात काहीतरी अडकलं असेल, असं तो म्हणाला.

तो गेल्यावर मी नियम पुन्हा चालू केला. हाताने एकेक जागा घातली. पडद्यावर दिसतात, कागदावर प्रश्नचिन्हं चिकटलेलीच. पुस्तक तसंच निघालं. लोक कौतुकाने म्हणतात, तुझे वडील किती भराभर विचारतात! त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

देलान्वाची छाती डॉक्टरांना स्वच्छ दिसते. त्याच्या मात्र लक्षात आलंय. तो आता प्रश्न विचारत नाही, नुसते हुकूम सोडतो.

म्हणून रोज दुपारी मी त्याच्या खोलीत जाते आणि काहीतरी अर्धवट सांगून गप्प बसते. तो बराच वेळ टेबल कुरवाळत राहतो. शेवटी त्याला राहवत नाही.

"मग पुढे काय..."

काल त्याचे ओठ निळे पडले. मी डोळे मिटून बाबांचा श्वास पुरा होईपर्यंत ऐकला, आणि दुसरी गोष्ट सुरू केली.